आपांच्या व्हिडिओआधीची जाहिरात

बायकोला माती देऊन आले आणि तिसऱ्या दिवशी मिस्त्री तिची देणी फेडायला निघाले.

गेलेल्या माणसाच्या मागे कुणाचं देणं राहू नये, ते त्याच्या मानेवर लटकून राहतं, हे ते लहानपणापासून ऐकत आले होते. वाटण्या नंतर, आधी देणी. दोऱ्याच्या दुकानात अस्तराचे थोडे पैसे द्यायचे होते, ते दिले. शेजारणीची कात्री घरात होती, ती धार लावून परत केली. मग फोनचं बिल भरायला गेले. काउंटरवरच्या बाईने विचारलं, "नंबर चालू ठेवायचा की बंद करू?"

"चालू ठेवून काय करू? उचलणारी गेली."

"तसा राहू दिला तरी चालेल. दर महिन्याला थोडंच बिल येईल."

दर महिन्याला तिच्या नावावर नवं देणं चढत जाणार, हे मिस्त्रींना सोसलं नाही. "बंद करा," ते म्हणाले. तिथून तसेच मोबाइलच्या दुकानात गेले. तिच्या फोनमध्ये घरातले फोटो होते, डोकं उघडं असलेले. ते परक्याच्या नजरेला पडायला नकोत. दुकानदाराला म्हणाले, "सगळं पुसून टाक. काहीसुद्धा ठेवू नकोस." पुसलेला फोन त्यांनी मागच्या गल्लीतल्या एका नर्सिंगच्या मुलीला देऊन टाकला. शिकायला लागतो म्हणत होती.

घरी आले, हातपाय धुतले, आणि आठवड्यात पहिल्यांदा त्यांना दोन घास जरा बरे गेले. आता तिचं कुणाचं काही देणं उरलं नाही, असं त्यांना वाटलं.

मिस्त्रींचं काम शिलाई मशीन दुरुस्तीचं. दुकान लहान, अंगभर तेलाचा वास, भिंतीला टांगलेले पट्टे, डब्यांत बॉबिन आणि सुया. मागच्या खोलीत बायको शिवण शिकवायची. आधी चार-सहा बायका यायच्या. मग मुलीने तिला व्हिडिओ काढायला शिकवलं, आणि चार-सहाच्या चाळीस हजार झाल्या. व्हिडिओत तिचे फक्त हात दिसायचे, आणि आवाज. हातात नेहमी निळा खडू. बायका तिला खडूवाल्या आपा म्हणायच्या. प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी ती म्हणायची, "आणि मशीनच रुसलं असेल तर आमच्या ह्यांना फोन करा," आणि दुकानाचा नंबर सांगायची.

"मलाही विकायला काढलंस का?" मिस्त्री चिडवायचे.

"ही एवढी एकच हलाल जाहिरात आहे," ती म्हणायची. "बाकीच्यांची मला खात्री नाही."

ते हसण्यावारी न्यायचे.

ती जाऊन पाच महिने झाल्यावर एक बाई दुकानात आली. रिक्षातून मशीन आणलं होतं. वर जुन्या चादरीचं कव्हर, कडेने नीट दुमडून शिवलेलं.

"विकायचंय," ती म्हणाली. मग मागच्या खोलीकडे बघत हळूच, "आपा आहेत का आत? त्यांना सांगू नका हं. त्यांना वाईट वाटेल."

मिस्त्रींनी चाकावर हात ठेवला. "ती गेली, ताई. पाच महिने झाले."

"पण मी तर परवाच..." बाई थांबली. "परवाच गळ्याचा व्हिडिओ बघितला."

"ते राहिलेत."

बाई स्टुलावर बसली. मिस्त्रींनी सवयीने चाक फिरवून पाहिलं. सुई लोण्यात चालावी तशी चालली.

"इतकं निगुतीने ठेवलंय आणि विकताय? ह्याला अजून वीस वर्षं काही होत नाही."

"मशीनला काही झालेलं नाही. घराला झालंय." तिने पदराने तोंड पुसलं. "सांगितलं तर तुम्हाला राग येईल."

"राग यायचे दिवस गेले माझे. बोला."

तिने सांगितलं. रोज संध्याकाळी ती फोन समोर ठेवून आपांचे व्हिडिओ बघत शिवायला बसायची. नवरा बाजूला असायचा. व्हिडिओ सुरू व्हायच्या आधी एक जाहिरात यायला लागली. सामन्यावर पैसे लावा, पहिला डाव आमच्या पैशाने. नवरा म्हणाला, हे काय असतं गं?

"आणि मी काय म्हणाले असेन?" बाई म्हणाली. "म्हटलं, बघा तरी. आपांच्या व्हिडिओवर येतंय, म्हणजे काही वाईट नसणार."

पहिला डाव खरंच त्यांच्या पैशाने झाला. पुढचे ह्यांच्या.

मिस्त्रींनी तिला पैसे उसने देऊ केले. व्याजाचा प्रश्नच नव्हता, मुदतही घालणार नव्हते. बाई म्हणाली, "उसनं नको, भाई. उसनं हा शब्दसुद्धा आता घरात नको." मग त्यांनी मशीन विकत घेतलं, नव्याच्या भावाने. ते त्यांनी कोपऱ्यात ठेवलं आणि कव्हर परत घातलं.

दुपारी मुलगी आली. ती दवाखान्यात बिलांच्या खिडकीवर काम करायची. जेवणाच्या सुट्टीत बापाला डबा देऊन जायची. मिस्त्री म्हणाले, "अम्मीचा व्हिडिओ लाव."

मुलीने लावला. आधी एक तरुण नाचत नाचत नोटा उडवत आला. पाच सेकंद. मग निळा खडू आणि बायकोचा आवाज: "घाई नको. कापड कुठे पळून जात नाही."

"हे तिच्या वेळीही होतं?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाही." मुलीचा चेहरा उतरला. "अम्मी दर गुरुवारी बसायची ना फोन घेऊन. तेच करायची. व्हिडिओच्या कंपनीला सांगता येतं, अमक्या जाहिराती माझ्या व्हिडिओवर नकोत. जुगार, दारू, व्याजाचं कर्ज, सगळ्यावर खूण करायची. पण ते लोक नवीन नावाने परत येतात. म्हणून दर आठवड्याला नवी नावं शोधून शोधून काढायची. ह्याच्यामुळे तिची कमाई अर्ध्यावर यायची."

मिस्त्रींना गुरुवार आठवले. चष्मा नाकावर, फोन तोंडाशी, तासच्या तास. ते म्हणायचे, "आता तरी ते खेळणं खाली ठेव." ती मान वर न करता म्हणायची, "गवत काढतेय." त्यांना वाटायचं, फोनवर शेतीचा एखादा खेळ असेल.

"मग आता आपण काढू," ते म्हणाले.

"खात्यात शिरायला पासवर्ड लागतो. तो अम्मीला माहीत होता. नसेल तर कंपनी तिच्या नंबरवर कोड पाठवते."

"नंबर बंद केला."

"फोनमध्ये खातं उघडंच असेल. फोन कुणाला दिलात?"

"दिला. पण आधी सगळं पुसून घेतलं."

मुलीने बापाकडे बघितलं. रागाने नाही. "अब्बा," ती म्हणाली, "तुम्ही इतके व्यवस्थित का असता हो?"

मग तिलाच सुचलं. नंबर बंद झाला की फोन कंपन्या तो पुढे दुसऱ्याला देतात. लावून तर बघू. मिस्त्रींच्या साध्या फोनमध्ये तो नंबर अजून 'घर' ह्या नावानेच होता. त्यांनी लावला. वाजला. इतक्या महिन्यांनी 'घर' वाजत होतं.

"बोला," एक पुरुषी आवाज. मागे इंजिनाची घरघर. टेम्पोवाला असावा.

मिस्त्रींनी सांगितलं. हा नंबर माझ्या बायकोचा होता, ती वारली, आता तुमच्या फोनवर सहा आकड्यांचा कोड येईल, तेवढा वाचून दाखवा.

पलीकडून हसणं. "आवाज छान काढलाय काका. अगदी म्हाताऱ्यासारखा."

"मी म्हाताराच आहे."

"माझ्या भावाला ज्याने लुटलं, त्याचीही बायकोच वारली होती."

"अहो, मला पैसे नकोत. जाहिराती बंद करायच्या आहेत."

"तुम्ही सगळे पैसे नकोतच म्हणता. बँकवाले रोज मेसेज पाठवतात, कोड कुणाला सांगू नका. नाही सांगणार. ठेवू?"

आणि ठेवला. मुलगी म्हणाली, "बरोबरच आहे त्याचं. मीसुद्धा दिला नसता."

शुक्रवारच्या नमाजनंतर मिस्त्री इमाम साहेबांकडे जाऊन बसले. इमाम साहेब वयाने त्यांच्यापेक्षा लहान, बोलायला मऊ. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपांवर ह्याचा बोजा नाही. एकाचं ओझं दुसरा उचलत नाही. त्यांच्या हातात होतं तोवर त्यांनी निवडून ठेवलं."

"आणि शिकवलेलं? त्याचं पुण्य पोचतं ना तिला अजून?"

"पोचतं. माणूस गेला की त्याचा हिशेब थांबतो, पण तो जे कामाचं ज्ञान मागे ठेवतो त्याचं चालू राहतं."

"मग तेच ज्ञान बघायला येणारा रस्त्यात जुगाराच्या दारातून जात असेल तर?"

इमाम साहेबांनी दाढीवरून हात फिरवला. "मिस्त्री, खोटं कशाला बोलू? दुकानाचं विचारलंत तर सांगेन. भागीदारीचं विचारलंत तर सांगेन. मालात खोट असेल तर गिऱ्हाइकाला दाखवून विकावं, हे सांगेन. पण इथे दुकान एकाचं, भिंत दुसऱ्याची, भिंतीवर पाटी तिसऱ्याची आणि मालकीण कबरीत. मी मोठ्या आलिमांना विचारतो." मग खिन्नपणे हसले. "माझ्या स्वतःच्या फोनवर नमाजची वेळ बघायला जातो ना, तर खाली कर्ज घ्या म्हणून येतं."

"तोवर मी काय करू?"

"वाईट दिसलं तर हाताने थांबवावं. हाताने जमत नसेल तर तोंडाने सांगावं. तेही नाही जमलं तर मनात तरी वाईट मानावं. पण ते सगळ्यात खालचं."

हाताने जमलं नव्हतं. मिस्त्रींनी तोंडाने करायचं ठरवलं. मुलीने त्यांना एक स्वस्तातला मोठा फोन आणून दिला, आणि एका बोटाने ते व्हिडिओखाली लिहायला लागले: "भगिनींनो, आधी येणारी जाहिरात आपांची नाही. ती दाबू नका." एकेक अक्षर शोधायला वेळ लागायचा. शिलाई मशीनच्या सुईत दोरा ओवणं सोपं. एकशे बारा व्हिडिओ होते. एकोणचाळिसाव्यापर्यंत पोचले तेव्हा कंपनीचा निरोप आला: एकच मजकूर वारंवार टाकल्यामुळे तुमचे शेरे काढून टाकले आहेत. एकोणचाळीसही गेले. नाचणारा तरुण राहिला.

दहा-बारा दिवसांनी त्यांनी पुन्हा 'घर' लावलं.

"काका, परत?" टेम्पोवाला म्हणाला. पण ह्या वेळी घरघर नव्हती. घरी असावा.

"एक काम कर," मिस्त्री म्हणाले. "मला काही देऊ नकोस. तू फक्त खडूवाल्या आपा असं शोध. कुठलाही व्हिडिओ लाव. शेवटपर्यंत बघ. मग तुला वाटलं तर माझा फोन उचल."

तासाभराने त्याचाच फोन आला. आवाज बदलला होता. "शेवटी दुकानाचा नंबर सांगतात तो लावलाय मी. तुम्हीच उचललात. म्हणजे आमच्या ह्यांना म्हणतात ते तुम्ही?"

"मीच."

"आमची ही पण बघते ते व्हिडिओ. मला माहीतच नव्हतं." मग घाईने म्हणाला, "पाठवा कोड. लवकर."

मुलगी शेजारीच होती. तिने बटण दाबलं. पलीकडे टुण्ण झालं.

"आला. लिहून घ्या. चार. शून्य. सात. सात..."

"पुढे?"

मागून एक बाईचा आवाज चढत आला. "कुणाला आकडे सांगताय? कोड आहे का तो? तुमच्या भावाचं झालं ते कमी पडलं का? आणा इकडे!"

"अगं, खडूवाल्या आपा वारल्या, त्यांचे मिस्टर आहेत ते..."

"कुठल्या वारल्या? त्या जिवंत आहेत, काल बघितलं मी त्यांना!"

फोन बंद. पुन्हा लावला तर बंद. संध्याकाळपर्यंत बंद.

चार आकडे हातात होते, दोन नव्हते. मुलगी म्हणाली, शंभर शक्यता आहेत आणि कंपनी तीनच संधी देते. मिस्त्रींनी बायकोच्या जन्माच्या सालाचे शेवटचे दोन आकडे लावायला सांगितले. मग लग्नाच्या सालाचे. तिसऱ्या वेळी काय लावावं हे कुणालाच सुचेना. दोन शून्यं लावली. पडद्यावर आलं की सुरक्षेसाठी ह्या खात्याला कोड पाठवणं थांबवलं आहे.

मग कंपनीला पत्र लिहायचं तेवढं उरलं. मृत्यूचा दाखला जोडून मुलीने लिहिलं: व्हिडिओ राहू द्या, फक्त जुगाराच्या जाहिराती काढा. सहा दिवसांनी उत्तर आलं. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. खातेदाराच्या पसंतीत दुसरं कुणी बदल करू शकत नाही. वारसांची इच्छा असल्यास खातं सर्व व्हिडिओंसह कायमचं बंद करता येईल.

"म्हणजे ठेवा तर जुगारासकट, नाही तर काहीच नाही," मिस्त्री म्हणाले.

मुलीने सगळे व्हिडिओ उतरवून बापाच्या फोनमध्ये ठेवले. नवीन खातं काढून त्यातले काही तिथे टाकूनही पाहिले. आठवड्याने बघितलं तर सात वेळा पाहिलं गेलं होतं. त्यातल्या सहा वेळा मिस्त्रीच होते. आणि जाहिराती तिथेही आल्याच, कारण त्या कंपनी लावते आणि नव्या खात्याला नको म्हणायचा हक्क अजून मिळालेला नव्हता. तेही बंद केलं.

"अब्बा, राहू द्या ना आहे तसं," मुलगी म्हणाली. "चाळीस हजार बायका शिकतायत. दोघी-चौघींचे नवरे वाया गेले, तर ते कुठेही गेलेच असते."

"ती बाई म्हणाली, आपांच्या व्हिडिओवर आलंय म्हणजे वाईट नसणार." मिस्त्री कोपऱ्यातल्या मशीनकडे बघत होते. "तुझ्या अम्मीचं नाव वापरून आत घेतलं त्यांनी. मी दार उघडं टाकून आलो आणि किल्ली कुणाला तरी देऊन टाकली."

"तुम्ही देणी फेडत होतात."

"हो ना."

इमाम साहेबांना आलिमांकडून उत्तर आलं होतं, पण ती दोन होती. एक म्हणत होते, बंद करा. दुसरे म्हणत होते, भलं जास्त आहे, ठेवा. आपांच्या खात्यात अडकलेल्या जाहिरातींच्या कमाईचं मात्र दोघांनी एकच सांगितलं: मिळाली तर जुगाराच्या जाहिरातींचा वाटा गरिबाला द्या, पुण्याची आशा न धरता. तो वाटा किती, हे कंपनी सांगत नव्हती. मिस्त्रींनी ठरवलं की येईल ते सगळंच द्यायचं.

कोपऱ्यातलं मशीन त्यांनी एक दिवस रिक्षात घातलं आणि त्या बाईच्या पत्त्यावर नेलं. पैसे परत न मागता तिलाच द्यायचं होतं. दाराला कुलूप होतं. वरच्या मजल्यावरचे म्हणाले, भाडं थकलं होतं, गेली दोघं, कुठे ते सांगितलं नाही. मिस्त्रींनी मशीन परत आणलं, तेल दिलं, कव्हर घातलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मुलीला खातं बंद करायचा अर्ज काढायला सांगितलं. नातं ह्या रकान्यात मुलीने 'पती' लिहिलं. कारण ह्या रकान्यात काय लिहू, म्हणाली. मिस्त्री म्हणाले, "लिही, गवत काढायला कुणी नाही."

"असं नाही लिहीत अब्बा."

"मग मोकळं सोड."

"बटण तुम्ही दाबा," मुलगी म्हणाली. "माझ्याने नाही व्हायचं."

त्यांनी दाबलं. काही आवाज झाला नाही. तीन दिवसांनी शोधलं तर आपा कुठेच नव्हत्या. नाचणारा तरुण मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी व्हिडिओआधी नाचत होता.

त्यानंतरच्या आठवड्यात दुकानाचा फोन खणखणला. कोवळ्या आवाजाची एक बाई होती, घाईत.

"आपांचे मिस्टर ना? मशीन ठीक आहे माझं. पण आपांचे व्हिडिओ दिसत नाहीत. बाहीचा अर्धाच बघितला होता. कापड कापून ठेवलंय. बाही उलटी बसतेय. उद्या द्यायचंय हो, गिऱ्हाइकाचं आहे."

मिस्त्रींनी चाळीस वर्षं मशीनं खोलली होती. पण बाही कशी लावतात ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ती मागच्या खोलीत शिकवायची तेव्हा ते पुढे पट्टे बदलत असायचे.

"थांबा," ते म्हणाले. "ठेवू नका."

त्यांनी मोठा फोन काढला. एका बोटाने बाहीचा व्हिडिओ शोधला. आधी काही आलं नाही, सरळ निळा खडूच आला. त्यांनी तो फोन दुकानाच्या फोनच्या तोंडाशी धरला. बायको सांगायला लागली: "आता बघा, ही खूण पुढच्या बाजूची. इथून असं वळवायचं. असं. दिसलं ना?"

मिस्त्री दोन्ही हातांनी दोन्ही फोन एकमेकांना टेकवून उभे राहिले. पडद्यावर तिच्या बोटांनी कापड उलटवलं, टाचणी लावली, खडूने बारीक रेघ ओढली.

"काका," पलीकडून बाई म्हणाली, "आवाज येतोय त्यांचा. अगदी स्पष्ट येतोय. पण असं म्हणजे कसं, ते दिसत नाही हो."

"ऐका तरी," मिस्त्री म्हणाले. त्यांनी व्हिडिओ मागे घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून लावला.